वेसण खेळाडूला की तिजोरीला?

परदेशी क्लबाकडे जाऊ इच्छिणाऱ्या व्यावसायिक फुटबॉलपटूच्या प्रश्नाशी श्रमिकांच्या चळवळीला काय कर्तव्य आहे, असे पुष्कळ कार्यकर्त्यांना प्रामाणिकपणे वाटते. वृत्तपत्रांतून दिसणारा फुटबॉलपटू कोट्यधीश असतो. त्याच्या मोटारी, त्याचे बंगले आणि त्याच्या जाहिराती यांचीच चर्चा होते. अशा माणसाच्या गाऱ्हाण्यासाठी चळवळीने आपली शक्ती खर्ची घालावी, असे कोण म्हणेल? परंतु हे चित्र मूठभरांचे आहे. खेळाडूंची जागतिक संघटना असलेल्या फिफप्रोने २०१६ साली ५४ देशांतील सुमारे १४,००० व्यावसायिक फुटबॉलपटूंची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांपैकी ४५ टक्क्यांहून अधिक खेळाडूंची मासिक कमाई हजार डॉलरपेक्षा कमी होती, आणि ४१ टक्के खेळाडूंना मागील दोन हंगामांत वेतन वेळेवर मिळाले नव्हते. म्हणजे बहुसंख्य फुटबॉलपटू हा पस्तिशीच्या आत ज्याची उमेद संपते, ज्याचा करार एक-दोन वर्षांचा असतो आणि ज्याचा पगार थकतो, असा कामगारच आहे. त्याच्या स्थलांतराचा प्रश्न हा श्रमिकाच्या स्वातंत्र्याचा प्रश्न आहे, आणि म्हणूनच तो समाजवाद्यांचा प्रश्न आहे.

या प्रश्नाचा उलगडा ज्या एका खटल्याने झाला तो बेल्जियमच्या ज्याँ-मार्क बोस्मन या खेळाडूचा. बोस्मन हा काही असामान्य प्रतिभेचा खेळाडू नव्हता, आणि तेच येथे महत्त्वाचे आहे. १९८८ पासून तो लिएज या शहरातील आर. एफ. सी. लिएज या क्लबाकडून खेळत होता. त्याच्या कराराची मुदत ३० जून १९९० रोजी संपत होती. तोपर्यंत त्याची कमाई सर्व धरून दरमहा सरासरी १,२०,००० बेल्जियन फ्रँक होती. एप्रिल १९९० मध्ये क्लबाने त्याच्यापुढे नवा करार ठेवला. मुदत एक हंगाम, वेतन दरमहा ३०,००० फ्रँक. म्हणजे पूर्वीच्या एकचतुर्थांश. बेल्जियन फुटबॉल संघटनेच्या नियमांनुसार याहून कमी देताच येत नव्हते, म्हणून ही रक्कम.

बोस्मनने सही केली नाही. तेव्हा क्लबाने त्याचे नाव हस्तांतराच्या यादीत टाकले आणि त्याला घेऊ इच्छिणाऱ्याने द्यावयाची रक्कम १,१७,४३,००० फ्रँक इतकी ठरविण्यात आली. या दोन आकड्यांची शेजारी शेजारी मांडणी केली म्हणजे सारी व्यवस्था उघडी पडते. वेतन देताना क्लबाच्या लेखी या खेळाडूची किंमत दरमहा ३०,००० फ्रँक. विकताना मात्र तीच किंमत, त्या वेतनाच्या हिशेबाने, बत्तीस वर्षांच्या कमाईहूनही अधिक! ही रक्कम कोणाच्या लहरीने ठरली नव्हती, हे विशेष. वार्षिक उत्पन्नाला वयानुसार १४ पासून २ पर्यंतच्या गुणकाने गुणावयाचे, असा संघटनेचा रीतसर नियमच होता. अन्याय नियमबद्ध झाला म्हणजे तो अन्याय म्हणून दिसेनासा होतो, याचे याहून चांगले उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

बोस्मनने मग स्वतःच खटपट केली. सीमेपलीकडे फ्रान्समधील डंकर्कचा क्लब तेव्हा दुसऱ्या श्रेणीत खेळत होता. त्याने बोस्मनला दरमहा सुमारे १,००,००० फ्रँक आणि करारावर सही करताना ९,००,००० फ्रँक देऊ केले. २७ जुलै १९९० रोजी दोन्ही क्लबांत करार झाला. एका वर्षासाठी खेळाडू द्यावयाचा, त्याबद्दल डंकर्कने लिएजला १२,००,००० फ्रँक मोजावयाचे. अट एकच होती. हंगामातला पहिला सामना २ ऑगस्टला होता. त्यापूर्वी बेल्जियन संघटनेकडून फ्रेंच संघटनेकडे हस्तांतराचा दाखला गेला पाहिजे. लिएजला डंकर्कच्या ऐपतीविषयी शंका आली आणि त्याने दाखला मागितलाच नाही. दोन्ही करार रद्द झाले. एवढ्यावरही न थांबता ३१ जुलै रोजी क्लबाने बोस्मनला निलंबित करण्याची मागणी संघटनेकडे केली. मुदत संपलेली, वेतन बंद, दुसरीकडे काम तयार आणि तरीही काम करण्यास मनाई! पंचवीस वर्षांच्या एका कामगाराची ही अवस्था लोकशाही युरोपच्या मध्यभागी, विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात झाली.

सरंजामी अवशेष

भांडवलशाहीतील कामगार दुहेरी अर्थाने मुक्त असतो, असे मार्क्सचे प्रसिद्ध विवेचन आहे. तो कोणाच्या मालकीचा नसतो, आपली श्रमशक्ती तो कोणालाही विकू शकतो. आणि उत्पादनसाधनांपासूनही तो ‘मुक्त’ झालेला असतो, म्हणून ती विकल्यावाचून त्याला गत्यंतर नसते. या मुक्तीतला उपरोध समाजवाद्यांना ठाऊकच आहे. परंतु फुटबॉलपटूच्या वाट्याला ती पहिली, औपचारिक मुक्तीसुद्धा आलेली नव्हती. त्याचा करार संपला तरी त्याची नोंदणी क्लबाकडेच राही. जमिनीबरोबर बांधलेल्या कुळासारखा तो क्लबाशी बांधलेला असे, आणि जमीनदाराप्रमाणे क्लब त्याचा मोबदला घेऊन त्याला दुसऱ्याच्या हवाली करी. भांडवलशाहीच्या सर्वांत झगमगीत दालनात सरंजामशाहीचा हा अवशेष शंभर वर्षे सुखेनैव नांदत होता.

इंग्लंडमध्ये १८९३ पासून ही पद्धत रूढ होती. तिच्या जोडीला १९०१ पासून आठवड्याला ४ पौंड अशी कमाल वेतनमर्यादाही आली. या व्यवस्थेविरुद्ध झगडण्यासाठी १९०७ साली मँचेस्टरमध्ये खेळाडूंनी युनियन उभारली. कमाल वेतनमर्यादा, जी तोवर २० पौंडांपर्यंत पोचली होती, ती १९६१ साली संपाच्या इशाऱ्यानंतर गेली. जॉर्ज ईस्टहॅम या खेळाडूला करार संपल्यावरही न्यूकॅसल युनायटेडने सोडले नव्हते. युनियनच्या पाठबळावर चाललेल्या त्याच्या दाव्यात १९६३ साली न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांनी खेळाडूला असे अडकवून ठेवणे हा त्याच्या व्यवसायस्वातंत्र्यावरचा अवाजवी निर्बंध असल्याचा निर्णय दिला. म्हणजे जे काही पदरात पडले ते संघटित लढ्यानेच पडले. क्लबांच्या उदारपणाची एकही नोंद या इतिहासात नाही.

बोस्मनने ८ ऑगस्ट १९९० रोजी लिएजच्या न्यायालयात दावा दाखल केला. खालच्या कोर्टापासून लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयापर्यंत पोचावयास त्याला पाच वर्षे लागली. फिफप्रोने त्याची पाठराखण केली. १५ डिसेंबर १९९५ रोजी निकाल लागला. रोमच्या तहातील अठ्ठेचाळिसाव्या कलमाने कामगारांना दिलेला मुक्त संचाराचा हक्क फुटबॉलपटूलाही आहे; करार संपलेला खेळाडू एका सदस्य राष्ट्रातून दुसऱ्या सदस्य राष्ट्रात जात असेल तर त्याच्यासाठी मोबदला मागता येणार नाही; आणि सदस्य राष्ट्रांच्या नागरिकांना ‘परदेशी’ ठरवून त्यांची संख्या मर्यादित करणारे नियमही चालणार नाहीत, असे न्यायालयाने सांगितले.

समतेच्या नावाने बेडी

क्लबांच्या आणि संघटनांच्या बाजूने जो युक्तिवाद झाला तो समाजवाद्यांनी विशेष लक्षपूर्वक तपासला पाहिजे, कारण तो समतेच्या भाषेत केलेला होता. खेळाडू मोकळे सोडले तर धनाढ्य क्लब सगळे गुणी खेळाडू पळवतील, लहान क्लब बुडतील, तरुणांना घडविण्यात कोणाला रस उरणार नाही. म्हणून, हस्तांतराची रक्कम हवी. हा युक्तिवाद ऐकावयास गोड आहे. परंतु दोन पक्षांतील विषमता दूर करण्यासाठी तिसऱ्याच पक्षाच्या पायात बेडी का ठोकावयाची, याचे उत्तर त्यात नाही. आणि हा तिसरा पक्ष कोणता? तर तिघांतला सर्वांत दुबळा, म्हणजे काम करणारा!

शिवाय ही बेडी आपले घोषित कार्य तरी करीत होती काय? अर्थशास्त्रज्ञ सायमन रॉटनबर्ग यांनी १९५६ सालीच अमेरिकन बेसबॉलच्या संदर्भात दाखवून दिले होते की, खेळाडूला क्लबाशी बांधून ठेवल्याने गुणी खेळाडूंच्या वाटणीत फारसा फरक पडत नाही. ज्या क्लबाला त्या खेळाडूपासून अधिक उत्पन्न मिळू शकते तो क्लब त्याला विकत घेतोच. खेळाडू मोकळा असो की बांधलेला, तो अखेरीस जातो तेथेच जातो. फरक एवढाच पडतो की त्याच्या गुणांतून निर्माण होणारे मूल्य खेळाडूच्या खिशात पडते की क्लबाच्या तिजोरीत. सोप्या शब्दांत सांगावयाचे तर, हस्तांतराची रक्कम म्हणजे खेळाडूच्या वेतनातून झालेली कपात. युरोपीय न्यायालयानेही हेच वेगळ्या शब्दांत नोंदवले. क्लबांमधील समतोल आणि तरुणांचे प्रशिक्षण ही उद्दिष्टे त्याने रास्त मानली. पण या नियमांनी श्रीमंत क्लबांना उत्तम खेळाडू मिळविण्यापासून कधीच रोखले नाही, असे स्पष्टपणे म्हटले. न्यायालयाचे महाअधिवक्ता कार्ल ऑटो लेन्झ यांनी आपल्या मतपत्रात पर्यायही सुचवला होता. समतोल हवा असेल तर तिकिटांचे आणि दूरचित्रवाणीचे उत्पन्न क्लबांनी आपसांत वाटून घ्यावे.

हा पर्याय क्लबांनी स्वीकारला नाही. निकालातील जो भाग टाळता येत नव्हता तेवढा पाळला गेला आणि जो सल्ला परवडणारा नव्हता तो कपाटात गेला. पुढे जे घडले त्याचे मूळ येथे आहे.

निकालानंतरची तीस वर्षे

निकालाच्या परिणामांबद्दल समाजवाद्यांनी भाबडे राहू नये. १९९५ च्या मे महिन्यात ॲम्स्टरडॅमच्या आयाक्स क्लबाने युरोपचे विजेतेपद मिळवले. त्या संघातील बहुतेक खेळाडू क्लबाच्या स्वतःच्या शाळेत घडलेले होते. पुढच्या दोन वर्षांत डेव्हिड्स, रायझिगर, क्लाइव्हर्ट असे खेळाडू करार संपताच मिलानला गेले आणि त्यांना घडविणाऱ्या क्लबाला काहीही मिळाले नाही. १९८६ ते १९९५ या दहा वर्षांत बुखारेस्ट, पोर्टो, आइंडहोवन, बेलग्रेड आणि ॲम्स्टरडॅम अशा, बड्या बाजारपेठांबाहेरच्या शहरांनी युरोपचा चषक नेला होता. १९९६ ते २०२५ या तीस वर्षांत इंग्लंड, स्पेन, इटली, जर्मनी आणि फ्रान्स या पाच देशांबाहेरचा क्लब केवळ एकदाच, २००४ साली, विजेता ठरला, आणि तो होता पोर्टो. २०१७ साली नेमार या एकट्या खेळाडूला करारातून सोडवण्यासाठी पॅरिसच्या क्लबाने २२.२ कोटी युरो मोजले. करार चालू असताना क्लब बदलण्यावर निकालाचा परिणाम झाला नव्हता. त्यामुळे बड्या क्लबांनी करार लांबवले आणि खेळाडूंची खरेदीविक्री पूर्वीपेक्षाही मोठ्या रकमांनी चालू राहिली.

यावरून बोस्मनचा निकालच चुकला, असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ आहेत. तो निष्कर्ष वरवरचा आहे. पाणी उताराकडे वाहते हा पाण्याचा दोष नव्हे; उतार कोणी केला हे पाहिले पाहिजे. इंग्लंडमध्ये पाहुण्या संघाला तिकिटांच्या उत्पन्नात वाटा देण्याची जुनी रीत होती. १९८३ साली, म्हणजे बोस्मनच्या निकालाच्या बारा वर्षे आधी, ती मोडीत निघाली आणि लीग सामन्यांचे सारे उत्पन्न यजमान क्लबाला मिळू लागले. १९९२ साली वरच्या श्रेणीतील क्लबांनी जुन्या लीगपासून फारकत घेऊन प्रीमियर लीग स्थापली. दूरचित्रवाणीचा पैसा खालच्या श्रेणींशी वाटून घ्यावा लागू नये, हा त्यामागचा उघड हेतू होता. त्याच वर्षी युरोपीय चषकाचेही चॅम्पियन्स लीगमध्ये रूपांतर झाले. जमीन आधीच अशी उतरती करून ठेवलेली होती. तिच्यावर खेळाडू मोकळे झाले, तेव्हा ते ज्या बाजूला पैसा साचला होता त्याच बाजूला गेले. दोष द्यावयाचा तर पैसा साचू देणाऱ्यांना द्यावा.

येथे एक विसंगती नमूद करण्यासारखी आहे. ज्या अमेरिकेत समाजवाद हा शब्द शिवीसारखा वापरला जातो, तेथील व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल लीगमध्ये राष्ट्रीय दूरचित्रवाणीचे उत्पन्न १९६१ पासून सर्व संघांत सारखे वाटले जाते. अर्थात ही समता मालकामालकांपुरती आहे. त्या लीगचे दार नव्या संघांना सहजी उघडत नाही, आणि खेळाडूला कोणत्या संघात जावयाचे याची मोकळीकही तेथे सुरुवातीला नसते. तरीही त्यातून एक गोष्ट सिद्ध होते. उत्पन्नाची समान वाटणी अव्यवहार्य आहे, हा युरोपातील बड्या क्लबांचा दावा खरा नाही. मालकांना सोयीची वाटली तर ती साधते; लोकांनी मागितली तरच ती अव्यवहार्य ठरते.

हक्क मिळाला, पण कशातून?

बोस्मनला न्याय कामगार कायद्याने दिला नाही. तो दिला सामाईक बाजारपेठेच्या तहाने. त्या तहाला कामगाराचा मुक्त संचार हवा होता तो मालाच्या आणि भांडवलाच्या मुक्त संचाराबरोबर. त्यामुळे जो हक्क मिळाला तो एकेकट्या खेळाडूला, बाजारात वावरण्याचा मिळाला. बाजार कसा असावा, त्यातील उत्पन्न कोणाकडे जावे, हे ठरविणे न्यायालयाच्या कक्षेत नव्हते. हे काम कायदेमंडळांचे आणि संघटनांचे होते, आणि ते झाले नाही. या हक्काला सीमाही युरोपीय नागरिकत्वाची होती. आफ्रिकेतील आणि दक्षिण अमेरिकेतील कोवळ्या मुलांना स्वप्ने दाखवून युरोपात आणावयाचे, आणि निवड झाली नाही तर रस्त्यावर सोडून द्यावयाचे, हा धंदा इतका फोफावला की २००१ साली फिफाला अठरा वर्षांखालील मुलांच्या आंतरराष्ट्रीय हस्तांतरावर सर्वसाधारण बंदी घालावी लागली. स्वतःच्या इच्छेने जाणे आणि दलालाने नेणे यांतील भेद ज्यांना कळत नाही त्यांनी स्वातंत्र्याच्या गप्पा न मारलेल्या बऱ्या.

हक्काची लढाई संपलेलीही नाही. लसाना दियारा या फ्रेंच खेळाडूचा मॉस्कोच्या लोकोमोटिव्ह क्लबाशी असलेला करार २०१४ साली मोडला. त्याला एक कोटीहून अधिक युरोंची भरपाई द्यावयास सांगण्यात आले. २०१५ साली बेल्जियमचा शार्लरुआ क्लब त्याला घेण्यास तयार होता. परंतु फिफाच्या नियमानुसार ती भरपाई नव्या क्लबाकडूनही वसूल होऊ शकत होती, आणि हस्तांतराचा दाखलाही अडू शकत होता. क्लबाने माघार घेतली. पुन्हा बेल्जियम, पुन्हा दाखला! ४ ऑक्टोबर २०२४ रोजी युरोपीय न्यायालयाने हे नियमही युरोपीय कायद्याशी विसंगत ठरवले. बोस्मनच्या वकिलांपैकी ज्याँ-लुई द्युपाँ हे याही खटल्यात होते. तीन दशकांत नियमांचे शब्द बदलले. खेळाडूला जाऊ न देण्याची वृत्ती मात्र बदलली नाही.

स्वतः बोस्मनच्या पदरी काय पडले? खटला चालू असताना तो फ्रान्सच्या खालच्या श्रेणीत, मग हिंदी महासागरातील रेयुनियाँ बेटावर, मग बेल्जियमच्या तिसऱ्या श्रेणीत खेळला. निकाल लागला तेव्हा तो एकतीस वर्षांचा होता आणि त्याचा खेळ संपत आला होता. पुढील काळात आपल्याला दारूच्या व्यसनाने आणि पैशाच्या ओढगस्तीने घेरले, हे त्याने स्वतःच जाहीरपणे सांगितले आहे. त्याच्या नावाने मिळणाऱ्या मोकळिकीवर नंतरच्या पिढ्यांतील खेळाडूंनी अमाप धन मिळवले. एकट्याने खिंड लढवावयाची आणि सैन्याने पलीकडे निघून जावयाचे, असे झाले. ज्या चळवळीला आपल्या लढवय्याला सांभाळता येत नाही तिचा विजय अपुराच म्हटला पाहिजे.

मागणी काय असावी?

यातून समाजवाद्यांनी घ्यावयाची भूमिका स्पष्ट आहे. पहिली गोष्ट, करार संपल्यावर जेथे काम मिळेल तेथे जाण्याचा खेळाडूचा हक्क निरपवाद मानला पाहिजे. ‘क्लबाचे हित’, ‘खेळाचे हित’, ‘देशाचे नाव’ यांपैकी कोणत्याही सबबीवर त्याला मुरड घालू नये. परदेशी निघालेला खेळाडू कृतघ्न आहे, अशी ओरड करणाऱ्यांनी त्याच क्लबाने त्याचे वेतन एकचतुर्थांशावर आणले तेव्हा आपण काय बोललो, हे आठवावे. दुसरी गोष्ट, तरुणांना घडविणाऱ्या लहान क्लबांचा दावा खरा आहे. परंतु २००१ च्या नियमांनी त्यांना हस्तांतराच्या रकमेतून जो ५ टक्के वाटा ठेवला आहे तो खेळाडूच्या विक्रीवर अवलंबून आहे. विक्री झाली तर वाटा, नाही तर नाही! प्रशिक्षणाचा खर्च दूरचित्रवाणीच्या एकूण उत्पन्नातून उभारलेल्या सामाईक निधीतून, घडविलेल्या खेळाडूंच्या संख्येनुसार मिळाला पाहिजे. कोणाच्या डोक्यावर लावलेल्या किमतीतून नव्हे. तिसरी गोष्ट, उत्पन्नाची वाटणी आणि वेतनाच्या अटी खेळाडूंच्या युनियनशी सामुदायिक वाटाघाटी करून ठरल्या पाहिजेत. आणि चौथी गोष्ट मालकीची. जर्मनीत १९९८ पासून व्यावसायिक क्लबांतील मताधिकाराचे बहुमत सभासदांच्या संस्थेकडे राहावे असा नियम आहे. त्याला अपवाद आणि पळवाटा आहेत, पण क्लब ही शहराची आणि सभासदांची संस्था आहे, कोण्या धनिकाची मिळकत नव्हे, हे तत्त्व त्यात जिवंत आहे. ते तत्त्व पुढे नेले पाहिजे.

स्वातंत्र्य हवे की समता, असा पेच समाजवाद्यांपुढे वारंवार टाकला जातो. बोस्मनच्या प्रकरणातही तो टाकला गेला. पण हा पेच खरा नव्हता. एका बाजूला होते कामगाराचे स्वातंत्र्य. दुसऱ्या बाजूला समता नव्हतीच, होती ती समतेचा मुखवटा चढवलेली मालकी. १९९५ साली मुखवटा गळून पडला आणि मालकीने आपले खरे रूप धारण केले. वेसण घालावयाची ती त्या मालकीच्या तिजोरीला. हे काम न्यायालये करणार नाहीत आणि क्लबही करणार नाहीत. ते संघटित खेळाडूंना आणि त्यांच्या बाजूने उभ्या राहणाऱ्या चळवळीलाच करावे लागेल.